शब्बाथ शाळेंतील हस्तकाम

रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालीं कोल्हापुरांत आले. त्यांच्या नांवाचें वायल्डर मेमोरियल चर्च आज शहरांत सर्वांच्या परिचयाचें आहे. ख्रिस्ती मंडळी म्हटली कीं तिच्यामागून रविवारची मुलांची शब्बाथ शाळा आलीच. गोष्ट सांगावी, गीत म्हणवून घ्यावें, वचन पाठ करून घ्यावें, हा त्या शाळेचा जुना क्रम. त्यांत हस्तकामाची भर पडली, हें उचितच झालें. परंतु छापील चित्रें कातरून पुठ्ठ्यावर चिकटविलीं, एवढ्यानें तें साधतें काय? वीस मुलांचीं वीस तारवें एकसारखीं दिसलीं, तर तीं मुलांनीं केलीं असें म्हणणें कठीण आहे.

नोहाच्या तारवाचें माप पवित्र शास्त्रांत स्पष्ट दिलें आहे: लांबी ३०० हात, रुंदी ५० हात व उंची ३० हात. दहा हातांस एक बोट असें प्रमाण धरून मुलांनीं आपल्याच बोटांनीं पुठ्ठा मोजावा. ३० बोटें लांब, ५ बोटें रुंद व ३ बोटें उंच अशी पेटी तयार होते. चित्रांतल्या गुबगुबीत होडीहून ती अगदीं निराळी. तिच्या वर्णनांत शिडाचा वा सुकाणूंचा उल्लेखहि नाहीं. अशा पेटींत बसणाऱ्या नोहाचा विश्वास केवढा, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं. पुढें लव्हाळ्याचा पेटारा विणून मुलें त्यांत बाळ मोशेला निजवितात, तेव्हां शिक्षकानें सांगावें कीं, मूळ हिब्रू भाषेंत तारूं व हा पेटारा या दोहोंस एकच शब्द आहे.

मातीकामाची तर कोल्हापुरास वाण नाहीं. शाहूपुरी, गंगावेस व बापट कॅम्प येथील कुंभारांच्या गणेशमूर्ति सर्वांच्या पाहण्यांतल्या आहेत. यिर्मया संदेष्टा असाच एका कुंभाराच्या घरीं गेला. चाकावरचें भांडें बिघडलें, तेव्हां कुंभारानें त्याच मातीचें दुसरें भांडें घडविलें. ही कथा सांगण्यापूर्वीं मुलांच्या हातीं ओल्या मातीचा गोळा द्यावा. कांहीं भांडीं वांकडीं होतील, कांहीं ढांसळतील, एखादें मूल रडेलहि. त्या वेळीं नवा गोळा देऊं नये. तोच पुन्हां मळावयास लावावा, आणि मग कथा सांगावी. टाकून न देतां पुन्हां घडविणें म्हणजे काय, हें त्या मुलाच्या हातांना तोंवर कळून चुकलेलें असतें.

नाताळांत हीं कामें पालकांपुढें मांडण्याची रीत कोठें कोठें आहे. आदल्या दिवशीं एखादा शिक्षक वांकडीं भांडीं गुपचूप सरळ करून ठेवतो. हेतु चांगला असतो. परंतु सकाळीं मूल आपलें भांडें शोधूं लागतें आणि तें त्याला ओळखूं येत नाहीं. आपलें काम उणें ठरलें, एवढेंच त्यास समजतें. जेथें क्षमा व प्रीति यांचा पाठ द्यावयाचा, तेथें तरी वांकड्या भांड्यास मांडणींत जागा असावी. शिक्षकानें तें सरळ करण्याऐवजीं त्यावर मुलाचें नांव घालावें.