खेळाचा कॉम्प्युटर घरात कुठे ठेवावा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



रजतनगरी खामगावात राहून रौप्यमहोत्सव साजरा करायचा, म्हणजे चांदीच्या ताटात चांदीची वाटी! सचिवसाहेबांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. पण त्या विषयावर मी निवृत्त झाल्यापासून बोलतोच आहे आणि तुम्ही बिचारे ऐकताच आहात. एफडीचे नवे दर आता तुम्हालाच माझ्याआधी कळतात. म्हणून त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला. आज बोलणार आहे घरच्या कॉम्प्युटरवरच्या गेम्सबद्दल. खेळायला कोणतं यंत्र बरं, त्याला खर्च किती, आणि मुख्य म्हणजे ते ठेवावं कुठे.

याला कारणही तसंच आहे. आपल्या वाचनालयाच्या खोलीसाठी एका सभासदाने दोन कॉम्प्युटर देऊ केले आहेत. त्यावर मुलांना खेळू द्यायचं की नाही, यावर मागच्या सर्वसाधारण सभेत पाऊण तास वाद झाला आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या दिवशी माझा नंबर लागला नाही. आज माईक माझ्या हातात आहे!

आमच्या पिढीला वाटतं, गेम म्हणजे नातवंडांचं खूळ. राजेहो, बँकेतल्या माणसाने तरी असं म्हणू नये. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत यंत्रं यायला लागली. आधी एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगचं यंत्र. ‘यंत्र नोकऱ्या खाणार’ अशा घोषणा आम्ही गेटवर उभे राहून दिल्या आहेत. पुढे विंडोज आलं. १९९० च्या विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला आणि १९९२ च्या ३.१ बरोबर सुरुंग शोधायचा माइनस्वीपर. आमच्या शाखेतले हेड कॅशिअर नोटांचं बंडल डोळे मिटून मोजायचे, पण माऊस धरला की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि माऊस टेबलाखाली. ट्रेनिंगच्या तीन दिवसांत जे जमलं नाही ते जेवणाच्या सुट्टीत सॉलिटेअरने जमवलं. पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला की विचारू नका. तेव्हा कॉम्प्युटरची भीती घालवायचं काम खेळाने केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता आपल्या सोसायटीचं बघा. आपण राहायला आलो तेव्हा इथे दोनच घरांत कॉम्प्युटर होते. दोन्ही अकोल्याहून असेंबल करून आणलेले. मॉनिटर म्हणजे भला मोठा डबा, त्यावर भरतकाम केलेलं कापड. खोलीत जाताना चप्पल बाहेर! घेताना सगळे सांगत, ‘मुलांच्या शिक्षणासाठी’. पुढे एमएस-सीआयटी आलं, टॅली आलं, कारण आणखी पक्कं झालं. आणि प्रत्यक्षात चालायचं काय? प्रिन्स ऑफ पर्शिया, डेव्ह, रोड रॅश आणि पुढे क्रिकेट ०७. त्या प्रिन्सचं पळणं, लोंबकळणं एवढं खरं का वाटायचं, माहीत आहे? १९८९ च्या त्या गेमचा कर्ता जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं. त्यावरून एकेक हालचाल काढली.

तो काळ आठवा. कॉम्प्युटर एक, पोरं सहा. एक जण खेळणार, पाच जण सांगणार. ‘अरे, मागे फिर!’, ‘उडी मार ना बावा!’ मेला की उठायचं, पुढच्याचा नंबर. दोघांना एकदम खेळायचं असेल तर एकाच कीबोर्डवर दोघांचे हात. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची आणि मग स्वतःच दारात उभी राहून बघायची. त्यात उणं एकच होतं. मुलींचा नंबर क्वचित लागायचा. त्या बहुतेक वेळा मागे उभ्या राहून बघायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा यावर येणार आहे.

आता यंत्रांची तुलना करू. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, तसेच हे चार अर्जदार तपासू. डेस्कटॉप, लॅपटॉप, टीव्हीला जोडायचा कन्सोल आणि मोबाईल.

पहिला डेस्कटॉप. याचा मोठा गुण म्हणजे तो टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. आज रॅम घाला, पुढच्या दिवाळीला एसएसडी, त्यापुढे ग्राफिक्स कार्ड. पण हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नातला बॅन्ड आहे, कधी कधी बाकी सगळ्या खर्चाएवढा त्याचा एकट्याचा खर्च! दुसरं म्हणजे वीज. मोठा गेम चालू असताना कार्डासह असा संच साधारण ३५० वॅट खातो असं धरा. रोज दोन तास म्हणजे ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट. तुमचं बिल १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असेल तर ही युनिटं वरच्या स्लॅबमध्ये जातात. तिसरं, आपल्याकडे लाईट जाते. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो जेमतेम ३६० वॅट पेलतो. त्यावर असा संच भर खेळात टाकला तर ‘टूंऽऽ’ करून सगळं बंद. आणि शेवटचं म्हणजे ऊन आणि धूळ. खामगावचा मे महिना मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आतला पंखा बाहेरचीच हवा आत घेतो. ती ४४ अंशांची असली तर तो बिचारा काय थंड करणार? यंत्र तापलं की स्वतःच आपला वेग कमी करतं, आणि पोरगा म्हणतो, ‘आजोबा, गेम अडकतोय’. दोन महिन्यांतून एकदा कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, अर्धं दुखणं जातं.

दुसरा लॅपटॉप. लाईट गेली तरी चालतो, पुण्याला शिकायला जाताना बॅगेत जातो. पण गेमिंगचा लॅपटॉप पूर्ण वेगाने चालायला चार्जर लावलेलाच हवा. ग्राफिक्स कार्ड पुढे बहुधा बदलता येत नाही, म्हणजे घ्याल तेव्हाच विचार करून घ्या. आणि तो गादीवर ठेवून खेळू नका. खालची हवेची जाळी बुजते, यंत्र तापतं, आणि मान वाकवून तुमचंही दुखणं सुरू होतं.

तिसरा कन्सोल. २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ साधारण पन्नास-पंचावन्न हजारांचा होता, त्यात नवा मोठा गेम चार-पाच हजारांपर्यंत. पण डिस्क घेतली तर खेळून झाल्यावर दुसऱ्याला देता येते, हे आपल्या स्वभावाला धरून आहे. जोडायचा टीव्हीला, बसायचं सोफ्यावर, दोघांच्या हातात दोन कंट्रोलर. खेळासाठी उत्तम. पण त्यावर प्रोजेक्टचं टायपिंग होत नाही की एक्सेल शिकता येत नाही. एकाच पैशात दोन्ही कामं हवी असतील तर हा अर्ज नामंजूर.

चौथा मोबाईल. वेगळा खर्च नाही, घरोघरी आहेच, लाईट गेली तरी फरक नाही. कागदोपत्री सगळ्यात चांगला अर्जदार हाच. आणि बँकेतल्या अनुभवाने सांगतो, कागदोपत्री सगळ्यात चांगल्या अर्जदाराचं घर आधी जाऊन बघावं! त्याच्याकडे शेवटी येतो.

कीबोर्ड-माऊस की कंट्रोलर, यावर आमच्या जिन्यात रोज कुस्ती होते. माझा निकाल ऐका. निशाणा साधायचा असेल तर माऊस, क्रिकेट-फुटबॉल-गाड्या असतील तर कंट्रोलर. डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर आणि उजवा माऊसवर, ही जी पद्धत तुम्ही पोरं वापरता, ती रूढ होण्यात डेनिस फाँग या खेळाडूचा मोठा वाटा आहे. १९९७ मध्ये त्याने क्वेक या गेमची स्पर्धा जिंकली आणि गेमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची फेरारी गाडी बक्षीस मिळवली! मॉनिटर ६० हर्ट्झचा की १४४ चा, हाही एक वाद. पहिला सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद. दुसऱ्याचं साधारण ७. स्पर्धेत उतरणाऱ्याला तो फरक मोलाचा. घरी विरंगुळा म्हणून खेळणाऱ्याने ते पैसे चांगल्या खुर्चीत घालावेत.

माझा स्वतःचा संच विचाराल, तर चौदा वर्षांचा डेस्कटॉप. त्यात एसएसडी टाकून घेतली, अक्षरं मोठी केली. नातू पुण्याहून म्हणतो, ‘आजोबा, याला आता निवृत्ती द्या.’ मी म्हणतो, बाळा, बुद्धिबळाला घोडा लागतो, हॉर्सपॉवर नाही! दर रविवारी आम्ही लिचेस या मोफत संकेतस्थळावर दोन डाव खेळतो. तो बहुतेक वेळा जिंकतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या विदर्भाच्या, नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. हा खेळ वाचनालयाला मिळणाऱ्या त्या दोन कॉम्प्युटरवर आरामात चालेल, एक रुपयाही न घालता.

आता मोबाईलकडे येतो. निवृत्त झालो तरी लोक पासबुक घेऊन माझ्याकडे येतात. एक गृहस्थ आले. म्हणाले, ‘साहेब, पैसे जातात कुठे ते बघा.’ मी बघितलं. दोनशे, शंभर, पाचशे, पुन्हा दोनशे. एकाच रात्रीत अकरा नोंदी, रात्री बारा ते अडीच. पानंच्या पानं तशीच. मुलगा वरच्या खोलीत, दार बंद, सगळ्यांना वाटायचं अभ्यास करतोय. मोठी रक्कम एकदम गेली असती तर घरात कळलं असतं. शंभर-दोनशेने विहीर उपसली गेली. ते गृहस्थ रागावले नव्हते. ते एवढंच म्हणाले, ‘आम्ही खालीच बसलो होतो हो.’

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना त्यात बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे. चांगलं झालं. पण २०२० साली पबजीवर बंदी आली तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. पोरं महिन्याभरात दुसऱ्या गेमवर गेली. कायदा दुकान बंद करतो, पण वरच्या खोलीचं दार तो उघडत नाही. ते घरच्यांनीच उघडायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कोणतं यंत्र घ्यावं ते खिसा, वीज आणि ऊन बघून ठरवा. पण ते ठेवायचं चारचौघांत. ज्या पडद्यासमोरून आई पाण्याचा तांब्या घेऊन जाते, त्या पडद्यावर रात्री अडीच वाजता अकरा नोंदी होत नाहीत.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत. डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, हेडफोनवर पोरं नको ते शब्द शिकतात. मान्य. पण ही तिन्ही दुखणी बंद खोलीत वाढतात. वाचनालयात हेडफोन काढून, काकांच्या देखत शिवी देऊन दाखवा बरं!

पुढच्या सभेसाठी माझी सूचना अशी. पडदे दाराकडे तोंड करून ठेवावेत. प्रत्येक कॉम्प्युटरला दोन खुर्च्या, एकट्याने खेळायचं नाही. लॉकरला असते तशी नोंदवही, नाव आणि वेळ लिहायची, पाळी अर्ध्या तासाची. एक पाळी मुलग्यांची, पुढची मुलींची, आणि त्यात वशिला चालणार नाही. पैसे भरायचा कोणताही खेळ नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात फक्त अभ्यास. विजेला सबमीटर लावून दरमहा आकडा सूचना फलकावर. आणि दुपारी चार ते पाच ज्येष्ठांची वेळ. तेव्हा मुलांनी आम्हाला शिकवायचं. युपीआय कसं वापरायचं, फसवणुकीचा मेसेज कसा ओळखायचा, आणि जमलं तर तो तुमचा क्रिकेटचा गेमही. त्या बदल्यात आम्ही बुद्धिबळ शिकवू.

पंचवीस वर्षांपूर्वी या इमारतीतली सहा पोरं एका पडद्यासमोर बसायची. आज ती पुण्यात, बेंगळुरूत, काही परदेशात आहेत, पण गावी आली की एकमेकांच्या घरी जेवायला जातात. आजची मुलं एकाच जिन्यात राहून एकमेकांना ऑनलाइन भेटतात. त्यांच्यासाठी एक खोली उघडी ठेवणं आपल्याला जड नाही. पुढच्या सभेत ठरावाच्या बाजूने हात वर करा, एवढीच विनंती करतो.