शंभर वर्षांपूर्वीची मुंबई : चुलीपाशी बसून पाहिलेली

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शंभर वर्षांपूर्वीची मुंबई आणि आजची मुंबई या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा गोड आहे. आपल्या मंडळींत तो निघाला की ट्रामगाडी, स्वस्ताई, चाळीतला गणेशोत्सव, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जिव्हाळा यांचे रसभरित वर्णन सुरू होते आणि ‘गेले ते दिवस!’ या उद्गाराने त्याची समाप्ती होते. हे वर्णन खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र ते बहुधा पुरुषांनी केलेले असते. संध्याकाळी कचेरीतून परत येऊन, कोट खुंटीला अडकवून, गॅलरीत वारा खात बसणाऱ्या गृहस्थाने पाहिलेली ती मुंबई होय. त्याच खोलीच्या आतल्या अंगास चूल होती, मोरी होती, पाळणा होता. तेथे बसणारीला हे शहर कसे दिसत असेल, इकडे आपले लक्ष वेधण्याचा आज विचार आहे.

प्रथम बाहेरचे शहर थोडक्यात पाहून घेऊ. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास भरली. २०११ साली ती १ कोटी २४ लाखांवर गेली. अर्थात तेव्हाची मुंबई माहीम-शीवपर्यंतची, आताची दहिसर-मुलुंडपर्यंतची, हे ध्यानात ठेवले पाहिजे. विजेची ट्राम १९०७ पासून धावत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली आगगाडी सुटली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस निघाली. चित्रपट होते, पण मुके; ते बोलू लागले १९३१ साली, गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात, ‘आलम आरा’पासून. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून भुयारी मेट्रो धावू लागली.

एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या काळी या शहरात दोन वेळा चालत. १९०६ साली सरकारने सर्व हिंदुस्थानासाठी एकच ‘स्टँडर्ड टाइम’ ठरविला. परंतु मुंबईच्या नगरपालिकेने आपला ‘मुंबई टाइम’ सोडला नाही. तो स्टँडर्डपेक्षा ३९ मिनिटे मागे. आगगाडी एका वेळेने सुटावयाची आणि नगरपालिकेचे घड्याळ दुसरीच वेळ दाखवावयाचे, असा प्रकार पुढे कित्येक वर्षे चालू होता! आजच्या चाकरमान्यास ८-४२ ची लोकल आणि ८-४६ ची लोकल यांतील चार मिनिटे प्राणाहून प्रिय वाटतात. त्याच्या पणजोबांच्या नगरीने ३९ मिनिटांचा वाद कित्येक वर्षे सुखेनैव चालविला.

परंतु आतल्या घड्याळाला हे दोन्ही टाइम लागू नव्हते. तेथे एकच वेळ, नळाची. विहार तलावाचे पाणी १८६० पासून आणि तानशाचे १८९२ पासून शहरात आले, ही त्या काळची मोठीच कामगिरी. तरी चाळीतल्या बहुसंख्य बिऱ्हाडांत ते पोहोचले नव्हते. नळ सामाईक, मजल्याच्या टोकाला किंवा खाली चौकात. घरातील गृहिणीने पहाटेच्या अंधारात उठावे, रांगेत हंडा ठेवावा, जिना चढावा, पुन्हा उतरावे. मग शेगडी पेटविणे आले. कोळसा ओला असला की डोळ्यांची आग. पाटा-वरवंटा, उखळ, धुण्याची धोपटी, राखेने घासावयाची पितळेची भांडी. आणि हे सर्व दहा फूट बाय बारा फूट अशा एकाच खोलीत, जेथे दोन माणसे आजारी, एक बाळंतीण आणि गावाकडून आलेले तीन पाहुणे एकाच वेळी असू शकत. मुंबईतील बहुसंख्य लोक तेव्हा एकखोली बिऱ्हाडांतच राहत. ज्या आतिथ्याची आपण इतकी वाखाणणी करतो, त्या आतिथ्याचा हंडा कोण वाहत होते, हे आपण क्वचितच विचारतो.

आता जे सांगणार आहोत ते संमेलनाच्या आनंदी वातावरणास शोभणारे नाही, पण टाळता येत नाही. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ अर्भके वर्षाच्या आत दगावली. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास माहेरी जात, जन्म तेथे आणि मृत्यू येथे नोंदला जाई, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला आहे, हे खरे. तो निम्मा धरला तरी तीनांत एक मूल! गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत असे, कारण त्याला पाहणारे दुसरे कोणी नसे आणि खाडा केला तर पगार बुडे. प्रसूतीची पगारी रजा देणारा मुंबई इलाख्यातील कायदा १९२९ साली झाला. परळचे के. ई. एम. इस्पितळ व नवरोजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ सालची. पेनिसिलिन त्यानंतर वीस वर्षांनी हाती आले. आपल्या घराघरांतील जुन्या वंशावळी उघडून पाहा. मुलांची नावे आहेत, पण ‘बालपणी वारला’ हे दोन शब्द किती ठिकाणी आहेत ते मोजा. मुलींचे तर पुष्कळदा नावही लिहिलेले नाही. २०२० च्या पाहणीत महाराष्ट्रातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १६ होते. हा फरक ज्याला क्षुद्र वाटत असेल, त्याने ‘गेले ते दिवस’ खुशाल म्हणावे.

शेजारधर्माचेही तसेच. तो होता, आणि उत्तम होता. शेजारणीच्या वाटीभर साखरेवर अनेक संसार तरले. पण त्या शेजाराला भिंत होती. आपल्यासारख्या ज्ञातीच्या चाळी, ज्ञातीच्या वाड्या आणि पुढे ज्ञातीच्या गृहसंस्था झाल्या. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालची, आणि परक्या शहरात आलेल्या माणसांना तिचा व तिच्यासारख्यांचा आधार झाला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. तथापि याच शहरात कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याने तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. जास्त पगाराचे काम केवळ एवढ्यासाठी त्याला बंद! सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्याकाठी जावे लागले. स्वतः बाबासाहेब त्या दिवसांत परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. आपल्या आज्या ज्या नळावर भांडत आणि हसत, त्या नळावर कोण येऊ शकत नव्हते, हा प्रश्न त्या आनंदी चित्रात आम्हांला तरी कोठे लिहिलेला आढळत नाही.

मग आज सर्व सुखच आहे काय? तसे मुळीच नाही. गॅस आला, मिक्सर आला, नळ घरात आला; ५ मे १९९२ पासून पश्चिम रेल्वेवर स्त्रियांसाठी स्वतंत्र लोकल सुटू लागली आणि आपल्या लेकीसुना तीत बसून, कधी भाजी निवडीत, कामावर जाऊ लागल्या. म्हणजे चूल सुटली नाही, तिला कचेरी जोडली गेली. हंडा गेला, त्याच्या जागी मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे आणि बँकेचा हप्ता आला. शहराच्या कित्येक वस्त्यांत तर हंडाही गेलेला नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या बायका आजही दिसतात. आणि गॅलरी मात्र गेली. १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत खोली १६० चौरस फुटांची होती. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांचा आनंद रास्त आहे. आता दार लावून घेता येते, ही गोष्ट ज्या बाईने जन्मभर साडी बदलण्यास आडोसा शोधला, तिलाच विचारावी. पण त्याच बंद दारामागे एकट्या पडलेल्या वृद्धेला दुपारी चक्कर आली, तर ते संध्याकाळपर्यंत कोणास कळत नाही, हेही आपण आपल्या सभासदांच्या घरी पाहत आहोत.

जुनी भिंत पडली असेही म्हणवत नाही. भाड्याने जागा शोधणाऱ्या तरुणास आडनाव विचारण्याची रीत आजही आहे. काय खाता, कोणत्या धर्माचे, एकट्या राहणार काय, असे विचारले जाते. विचारणारे पुष्कळदा आपल्यातलेच असतात. आपल्या काही सभासदांच्या इमारतींचा पुनर्विकास होऊ घातला आहे. त्या नव्या इमारतीत विकावयाच्या सदनिका कोणास द्यावयाच्या, याची चर्चा गेल्या सभेत झाली आणि ‘आपल्याच माणसांना’ असा सूर पुष्कळांनी लावला. आमचे मत निराळे आहे आणि ते आम्ही सभेतही मांडले. आपल्या ज्ञातीला जेव्हा या शहरात कोणी ओळखत नव्हते, तेव्हा आपसांत राहणे ही गरज होती. आज ती गरज राहिलेली नाही. राहिली असेल तर ती सवय आहे. हा विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे येईल, तेव्हा भगिनींनी केवळ हळदीकुंकवापुरते न येता मतदानास यावे, अशी आमची विनंती आहे. नळावर उभे राहिलेल्यांच्या लेकी-नाती त्या आहेत. शेजार म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळते.

जाता जाता एक काम. शंभर वर्षांपूर्वीची ती गृहिणी आज हयात नाही. परंतु तिच्या तोंडून ऐकलेल्या, आज नव्वदीच्या घरातल्या लेकी आपल्या समाजात अजून आहेत. त्यांच्यापाशी बसून पाणी किती वाजता येई, बाळंतपण कोणी केले, किती मुले गेली, त्यांची नावे काय होती, हे कोणी तरी लिहून घेतले पाहिजे. त्यासाठी चिटणिसांच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. जेवणाच्या पंगती बसण्यापूर्वी ज्यांना नावे द्यावयाची असतील त्यांनी ती तेथे द्यावीत.