ऋषिऋण आणि कर्जाचा हप्ता

(शिक्षक होऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात जी बैठक बसते, तिच्यात अभियांत्रिकी, वैद्यक, सनदी लेखापाल ही नावे मोठ्या आवाजात घेतली जातात. 'शिक्षक व्हायचे आहे' हे वाक्य मात्र मुलगा किंवा मुलगी बहुधा खाली मान घालून उच्चारते. त्यावर एखादे काका म्हणतात, 'एवढे गुण मिळवून मास्तरकी कशाला?' एखादी आत्या म्हणते, 'विद्यादानासारखे दान नाही, जरूर हो!' एकाच्या बोलण्यात उपहास असतो, दुसरीच्या बोलण्यात गौरव. पण कोणत्या वर्गाला शिकवायचे, त्यासाठी किती वर्षे शिकायचे, पैसा कोठून आणायचा आणि तो फेडायचा कशातून, हे चार प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारत नाही. आजचे विवेचन या चार प्रश्नांचे आहे.

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. मिळालेली विद्या पुढच्या पिढीच्या ओंजळीत घातली की ऋषिऋण फिटते. शिक्षक हे ऋण आयुष्यभर फेडीत असतो. ते वाट पाहू शकते. बँकेचे ऋण मात्र वाट पाहत नाही. ते दर महिन्याला ठरल्या तारखेस दारात उभे राहते. ज्याच्या मानेवर हप्त्याचे जू आहे, तो शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलाजवळ बसेल की शिकवणीच्या वर्गाकडे धावेल? म्हणूनच शिक्षकी पेशातील पैशाचा हिशेब हा ध्येयवादाच्या विरुद्ध नाही. तो ध्येयवादाचा पाया आहे.

पहिला प्रश्न वर्गाचा. 'आधी बी.एड. करू, मग पाहू' असे म्हणणारे अनेक तरुण या प्रश्नाची किंमत पुढे मोजतात. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका लागते. जुनी मंडळी तिला आजही डी.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते. नववी-दहावीसाठी विषयाची पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. असा क्रम आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला याखेरीज शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते.

बी.एड. ही 'मोठी' पदवी, तेव्हा ती खालच्या वर्गांनाही चालेल, असा समज दीर्घकाळ होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये तशी मुभा दिलीही होती. परंतु ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलाला अक्षरओळख करून देणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि बी.एड.मध्ये ते शिकवले जात नाही, हा त्या निर्णयाचा गाभा. पाचवीपर्यंतच्या वर्गासाठी दोन वर्षे आणि शुल्क बी.एड.वर खर्चणाऱ्याचे दार त्या दिवशी बंद झाले. पदवी मोठी आहे की लहान, यापेक्षा ती योग्य दाराची किल्ली आहे की नाही, हे महत्त्वाचे.

विषयाचेही तसेच. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला बी.एड.ला प्रवेश मिळतो. पण राज्य मंडळाच्या नववी-दहावीत वाणिज्य हा विषयच नाही. तो अकरावीत सुरू होतो आणि तेथे एम.कॉम. लागते. म्हणजे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने शिक्षक होण्याचे ठरवले, तर त्याच्या खर्चात एम.कॉम.ची दोन वर्षे पहिल्याच दिवशी धरली पाहिजेत. हा विचार बी.एड.च्या प्रवेश अर्जापूर्वी नव्हे, तर बारावीनंतर शाखा निवडतानाच व्हायला हवा.

दुसरा प्रश्न वर्षांचा. घरातील वडीलधारे शुल्काची पावती पाहतात. पण खरा खर्च वर्षांचा असतो. २०१५ पासून बी.एड. एकाऐवजी दोन वर्षांचे झाले. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे बी.एड. मिळून बारावीनंतर पाच वर्षे होतात. चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात पदवी आणि बी.एड. एकत्र होऊन एक वर्ष वाचते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच मार्ग पुढे मुख्य ठरवला असून २०२३-२४ पासून निवडक संस्थांत तो नव्या रूपात सुरू झाला आहे. वाचलेले एक वर्ष म्हणजे एका वर्षाचे शुल्क, भोजन-निवास आणि एका वर्षाची कमाई. मात्र असा अभ्यासक्रम घरापासून दूरच्या शहरात असेल, तर वसतिगृहाचा खर्च त्या बचतीवर पाणी फिरवू शकतो. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

अल्प उत्पन्नाच्या घरासाठी आणखी एक वाट आहे. बारावीनंतर डी.एल.एड. करावे, पात्रता परीक्षा द्यावी आणि काम करीत करीत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी या विद्यापीठाचे बी.एड.ही आहे. ही वाट लांबची खरी. पण तिच्यावर चालताना घर गहाण पडत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. येथे एकच क्रम ध्यानात ठेवावा : जे परत करावे लागत नाही ते आधी, जे परत करावे लागते ते शेवटी. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातील ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली.

या योजनांच्या अटी प्रवेशापूर्वी वाचाव्यात. शुल्क सवलतीसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घराजवळचे महाविद्यालय मिळते, पण सवलत हातची जाते. अभ्यासक्रम आणि संस्था त्या योजनेत बसतात काय, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते निकालाची वाट न पाहता सिद्ध ठेवावे. सवलतीत निवास, प्रवास आणि सराव पाठांच्या साहित्याचा खर्च येत नाही, आणि शिष्यवृत्तीची रक्कम कित्येकदा उशिरा हाती येते. म्हणून पहिल्या सहामाहीपुरती शिल्लक घरात हवीच.

चौथा प्रश्न फेडीचा, आणि सर्वांत मोठी चूक येथेच होते. शैक्षणिक कर्ज घेताना घरातील माणसे अनुभवी शिक्षकाचा पूर्ण वेतनश्रेणीतील पगार डोळ्यांपुढे ठेवतात. परंतु महाराष्ट्रात नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. १ जानेवारी २०२३ पासून त्याचे मानधन प्राथमिक स्तरावर दरमहा १६ हजार, माध्यमिक स्तरावर १८ हजार आणि उच्च माध्यमिक स्तरावर २० हजार रुपये ठरले आहे. त्याआधीचे प्राथमिकचे मानधन ६ हजार होते. कर्जाचे वजन करावयाचे ते या तराजूत.

समजा, हप्ते सुरू होताना २ लाखांचे कर्ज आहे, व्याज १० टक्के आणि मुदत पाच वर्षे. हप्ता सुमारे ४,२५० रुपये येतो. सोळा हजारांतून तो गेला तर पावणेबारा हजार उरतात. काटकसरीने भागू शकेल. तेच कर्ज ४ लाखांचे असेल तर हप्ता साडेआठ हजारांचा, म्हणजे अर्ध्याहून अधिक मानधन. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, म्हणून तेवढे कर्ज घ्यावेच असे नव्हे. बँक देऊ शकते ते आणि शिक्षक फेडू शकतो ते, हे दोन वेगळे आकडे आहेत.

शिवाय नेमणूक कधी होईल हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि अनेक पदविकाधारकांची उमेदीची वर्षे प्रतीक्षेत गेली. भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी प्रथम २०१७ च्या अखेरीस झाली, त्यानंतर २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. बँकेची सवलत मात्र सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापुरतीच असते. हे अंतर कशाने भरून काढायचे, याचे उत्तर तयार असेल तरच कर्जाच्या कागदावर सही करावी.

दोन मोहांपासून सावध राहणे अगत्याचे आहे. 'हजेरीची चिंता नको, फक्त शुल्क भरा' असे सांगणारी महाविद्यालये असतात. बी.एड.मधील वीस आठवड्यांचा शालेय अनुभव चुकवणारा तरुण पदवी घेतो, पण पन्नास मुलांपुढे उभे राहण्याचे बळ घेत नाही. दुसरा मोह पैसे देऊन पात्रता किंवा जागा मिळवण्याचा. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. शेत विकून जागा विकत घेणारा मनुष्य वर्गात प्रामाणिकपणावरचा धडा कोणत्या तोंडाने शिकवणार?

शेवटी समाजाच्या वाट्याचा विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षक घडवणारे विद्यालय उघडले. 'कमवा व शिका' हे त्यांचे सूत्र. पण केवळ विद्यार्थ्यांच्या श्रमावर ते उभे नव्हते. गावोगावच्या माउलींनी मुठीमुठीने धान्य दिले, आणि वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. मदत घेण्यात लाज नव्हती, कारण घेणारा उद्या देणारा होणार होता.

आज प्रत्येक वस्तीत सुस्थितीतील दहा घरे असतात. त्यांनी मिळून भावी शिक्षकाची एक खोली, एका वर्षाची खानावळ किंवा शिष्यवृत्ती येईपर्यंतची बिनव्याजी उसनवार एवढा भार उचलला, तर एक तरुण किंवा तरुणी कर्जमुक्त होऊन वर्गात पाऊल ठेवील. त्याच्या माथी मग एकच ऋण उरेल, आणि ते फेडताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही.