पोथीचं शेवटचं पान

आपल्या धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात पोथ्या जपल्या आहेत. नानासाहेब देवांनी, म्हणजे शंकर श्रीकृष्ण देवांनी, मठामठांतून हिंडून समर्थ संप्रदायाची बाडं जमवली. डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी 1905 मध्ये दासबोध छापला. समर्थांच्या हस्ताक्षरातलं मानलं जाणारं वाल्मीकिरामायणही इथंच आहे. रामायण बाजारात कुठंही मिळतं, पण या पानांपुढं हात आपोआप जुळतात.

असाच नाद मुंबईत 1880 मध्ये जन्मलेल्या एका ज्यू गृहस्थांना होता. डेव्हिड सॉलोमन ससून त्यांचं नाव. पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्यांचे हे नातू. ज्यूंच्या धर्मपंडिताला रब्बी म्हणतात. बाराव्या शतकातले थोर रब्बी आणि वैद्य मायमोनिडीस यांनी मिश्ना या धर्मग्रंथावर भाष्य लिहिलं. त्यातली खुद्द त्यांच्या हातची पानं ससूनांनी मिळवली. 1932 मध्ये त्यांनी आपल्या संग्रहाची दोन खंडांची सूची छापली, तीत हजारावर हस्तलिखितं आहेत.

त्यांच्याकडच्या एका ग्रंथाची गोष्ट सांगतो. सुमारे 1100 वर्षांपूर्वीचं हे हिब्रू बायबल त्यांनी 1929 मध्ये विकत घेतलं. ते कुणी कुणाला विकलं, पुढं सीरियातल्या मकिसीन गावच्या प्रार्थनामंदिराला कसं अर्पण झालं, हे त्यातच नोंदलेलं आहे. ते मंदिर उद्ध्वस्त झालं, तेव्हा सलामा नावाच्या गृहस्थांकडं ग्रंथ ठेवायला दिला. मंदिर पुन्हा बांधलं की परत करायचा, अशी बोली झाली. मंदिर काही उभं राहिलं नाही. 2023 मध्ये हा ग्रंथ लिलावात 3 कोटी 81 लाख डॉलरना गेला. एवढ्या किमतीच्या ग्रंथात ती बोली मात्र अजून तशीच लिहिलेली आहे.

आपल्या पोथ्यांतही अशा नोंदी असतात. पोथी संपली की लेखकू शक, तिथी, गाव लिहितो. मग पोथीच विनवते: तेलापासून, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका, मूर्खाच्या हाती देऊ नका. आमच्या घरच्या पोथीवर पणजोबांचं नाव आहे. शाई तपकिरी पडली आहे, आणि कडेला तेलाचा अंगठा उमटला आहे. विनवणी त्यांनी वाचली नसावी, पण पोथी रोज वाचली एवढं खरं.

जीर्ण झालेला धर्मग्रंथ ज्यू लोक जाळत नाहीत, फेकत नाहीत, जमिनीत पुरतात. आपण नदीत सोडतो. भाव एकच, पण पुरलेलं काय आणि बुडवलेलं काय, वाचायला उरत नाही. नानासाहेब देवांनी आणि ससूनांनी जे वाचवलं, ते या दोन वाटांवरूनच माघारी आणलेलं म्हणायचं.

तेव्हा श्रोतेहो, माळ्यावरची पोथी घेऊन पांझरा नदीकडं निघालात, तर घाटावर घटकाभर बसा. रुमाल सोडा आणि शेवटचं पान वाचा. तिथं तुमच्याच घरातलं एखादं नाव निघालं, तर पोथी घरी घेऊन या.