बांधाचा वाद आणि आपले काम

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



बांध कोरणारा शेजारी बहुधा जमीनदार नसतो. तोही दोन-अडीच एकरांचाच धनी असतो. दरसाल त्याच्या नांगराची एक फेरी बांधात शिरते. काही वर्षांत बांध नाहीसा होतो, हद्दीचा दगड हरवतो आणि दोन घरांतील बोलणेही संपते. मग वीतभर जमिनीपायी दोघेही कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि त्या मातीच्या मोलाहून अधिक पैसा तिथे ओततात.

१९६६ च्या जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे. खूण मुद्दाम नष्ट करणाऱ्यास दंडाची तरतूद आहे. भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून हद्द कायम मोजणी मागता येते. परंतु एकट्याने आणलेली मोजणी शेजाऱ्याला आव्हान वाटते. दोघांनी मिळून मागितली, तर तोच तोडगा ठरतो.

दोघांना एका अर्जावर आणणे हे आपले काम आहे. शेजारधर्माच्या नावाखाली अन्याय झाकू नका. गेलेली वीत परत मिळालीच पाहिजे. मात्र १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातून ज्यांनी नातलगांच्या नावे जमिनी वाचवल्या, त्यांच्याविरुद्ध उभे राहायला हे दोघेही आपल्याला हवे आहेत.