फोनवरचा गट आणि आपलं सुखदुःख



मी बीड जिल्ह्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी माझ्या तोंडून तुम्ही बचत, कर्ज, परतफेड आणि लेखे एवढंच ऐकता. आज पैशाचा विषय जरा बाजूला ठेवते. आज बोलायचंय ते फोनवरच्या गटाबद्दल. व्हॉट्सॲपवर आपण मैत्रिणी एकमेकींना रोजचं बरंवाईट सांगतो, त्याबद्दल. घरातली माणसं म्हणतात, "दिवसभर काय ते कानाला लावून बसता? रिकाम्या गप्पा!" मला वाटतं, त्या गप्पा रिकाम्या नसतात. पण त्या नीट सांभाळाव्या लागतात. एवढंच आज सांगायचंय.

आधी आमच्याकडचं सांगते. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने फडात राबायचं. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कोणी सोलापूरकडे, कोणी पार कर्नाटकात. गाव अर्धं रिकामं होतं. आमच्या एका गटात दहाजणी आहेत. त्यातल्या सहाजणी गेल्या आणि चौघी गावात राहिल्या. आता बैठक कशी घ्यायची? म्हणून गटाच्या सचिव ताईंनी फोनवर गट केला. हेतू साधाच होता. कोणाचा हप्ता आला आणि कोणाचा राहिला, ते सगळ्यांना कळावं.

पण पहिल्याच आठवड्यात हिशोब मागे पडला. फडावरून एकीचा आवाज आला, "बायांनो, पोचले. कोपी बांधली, चूल पेटली. पण पाणी लई लांब हाय." लगेच दुसऱ्या टोळीतली म्हणाली, "आमच्या दाराशीच नळ हाय, ये इकडं राहायला!" त्यावर सगळ्या हसल्या. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून, भाकरी थापून झाल्यावर त्या बाईला कोणीतरी हसवलं. ती रात्र तिला जरा सोपी गेली.

मग रोजच सुरू झालं. मोळी उचलताना मान धरली. पोराला खोकला झालाय. गावाकडे आजीपाशी ठेवलेली लेक फोनवर रडली. तसंच चांगलंही येऊ लागलं. गावात राहिलेल्या एकीच्या शेळीला दोन करडं झाली, तिने फोटो टाकला. एकीने वाढं विकून आलेल्या पैशातून पोरीला स्वेटर घेतला, ते सांगितलं. ज्यांना लिहिता येत नाही त्याही मागे राहिल्या नाहीत. माइकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं आणि बोट सोडायचं. आमचा निम्मा गट असाच बोलतो.

आता एक प्रसंग सांगते. त्या मैत्रिणीला विचारून सांगते, नाव मात्र सांगणार नाही. तिला अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं. फडाजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, तर एकाच भेटीत सांगितलं, "पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल." खर्चाचा आकडा ऐकून ती मुकादमाकडे आणखी उचल मागायच्या तयारीत होती. रात्री तिने गटात आवाज टाकला, "काय करू?"

पहिलं उत्तर आलं आमच्यातल्या एका काकूंचं. त्यांची पिशवी तिशीच्या आतच काढलेली. त्या म्हणाल्या, "बाई, घाई करू नको. माझी काढली तवापासून कंबर मोडली, अंगात ताकद राहिली नाही. आधी दुसरीकडं दाखव." गावातल्या आशाताई कोणालातरी ओळखत होत्या. त्यांनी जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता काढून दिला. तिथे नीट तपासणी झाली. जंतुसंसर्ग निघाला, गोळ्या-औषधांनी तो बरा झाला. मैत्रिणीची पिशवी आजही तिच्याजवळ आहे आणि अंगावर नवं कर्जही नाही.

ही एकटीची गोष्ट नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. कोणाला ऑपरेशनची खरंच गरज असते, ते नाकारायचं नाही. आपला गट काही डॉक्टर नव्हे. पण "थांब, आणखी एकाला विचार" एवढं म्हणणारी एक मैत्रीण त्यातल्या किती जणींना मिळाली असेल?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ती मैत्रीण पहिल्याच दिवशी पिशवीबद्दल बोलली नव्हती. आधी दोन महिने ती पाण्याबद्दल, भाकरीबद्दल, पोराच्या खोकल्याबद्दल बोलत होती. बारीकसारीक बोलायची सवय झाली की अवघड गोष्टही तोंडातून निघते. म्हणून म्हणते, रोजच्या गप्पांना रिकाम्या म्हणू नका.

आणि हे काही नवं नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत. माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकाचं कौतुक, सगळं ओवीत घालत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा ओव्या गोळा करवल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. एवढं बोलायचं होतं आपल्या बायांना! पुढे गावात पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर बोलायची जागाही गेली. ती थोडीशी बचत गटाच्या बैठकीत परत मिळाली आणि आता थोडी फोनवर मिळतेय.

फरक एकच आहे. जात्याला कान होते, तोंड नव्हतं. फोनला दोन्ही आहेत.

हे आम्हाला कसं कळलं, तेही सांगते. एका मैत्रिणीने रात्री रडत सांगितलं की उचलीतले पैसे नवऱ्याने दारूत घालवले. गटातल्या एकीने तो आवाज आपल्या बहिणीला पुढे पाठवला. तिच्या मनात वाईट नव्हतं, "बघ गं, कसं सोसते बिचारी" एवढंच. बहिणीने जावेला पाठवला, जावेने आणखी कोणाला. तिसऱ्या दिवशी तो त्याच टोळीत, नवऱ्याच्या हातातल्या फोनवर वाजला. त्याने बायकोचा फोन काढून घेतला आणि हातही उगारला. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, तिचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही.

टोळ्या परतल्यावर आम्ही समोरासमोर बैठक घेतली. आवाज पाठवणारी रडली, तिने माफी मागितली. त्या मैत्रिणीने काही बोलणं केलं नाही, पण उठूनही गेली नाही. त्याच दिवशी ठरलं की बचत गटाला जशी पंचसूत्री, तशी फोनवरच्या गटालाही हवी. ती अशी:

पहिलं. गटातलं गटातच. कोणाचा आवाज, फोटो, बोलणं पुढे पाठवायचं नाही. बहिणीलाही नाही, आईलाही नाही.

दुसरं. ओळखीच्याच बाया. जिच्यासोबत आपण सतरंजीवर बसलोय, तीच गटात. नवा नंबर जोडायचा तर सगळ्यांना विचारून.

तिसरं. उत्तर द्यायचं. एकीने दुःख सांगितलं आणि नऊजणी ऐकून गप्प बसल्या, तर तिला वाटतं मी उगाच बोलले. "ऐकलं गं, उद्या फोन करते" एवढं म्हटलं तरी पुरतं. आणि कोणी आनंद सांगितला तर त्यालाही उत्तर द्यायचं. दुसरीची करडं पाहून जीव थोडा जळतो, माणूसच आहोत आपण. पण सुख सांगायलाही माणूस लागतं.

चौथं. फुलं, देव आणि शुभ सकाळ यांचा वेगळा गट करायचा. नाहीतर पन्नास फुलांच्या खाली एकीचं रडणं दडपून जातं. कुठल्याही योजनेची लिंक आली, तर आधी ग्रामपंचायतीत किंवा आपल्या सहयोगिनीला विचारायचं. तोवर दाबायची नाही. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा.

पाचवं. फोनवर ऐकलं, आता पायाने जायचं. मैत्रीण गावात असेल तर घरी जायचं. लांब असेल तर तिच्या जवळच्या टोळीतल्या कोणाला पाठवायचं. बोटाने हात जोडल्याचं चित्र पाठवून काम संपत नाही.

आणखी एक युक्ती आमच्या बायांनीच काढली आहे. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या हातात असतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागात निम्म्याहून कमी बायांकडे स्वतः वापरायला मोबाइल होता. म्हणून काही नाजूक बोलायचं असलं की आम्ही आधी नुसतं विचारतो, "जेवलीस का?" तिने स्वतःच्या आवाजात "जेवले" म्हटलं, तरच पुढचं बोलायचं. उत्तर नाही आलं तर विषय तिथेच थांबवायचा. जिच्याकडे फोनच नाही, तिला गटातली एकजण नेमून दिली आहे. ती संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन दिवसभरातलं ऐकवते आणि तिचं बोलणं आमच्यापर्यंत आणते.

काही गोष्टी मैत्रिणींच्या आवाक्याबाहेरच्या असतात, हेही लक्षात ठेवू या. मारहाण होत असेल तर ११२, किंवा महिलांसाठी १८१. झोप नाही, जीव नकोसा वाटतोय, असं कोणी म्हणाली तर ते हसण्यावारी नेऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हे नंबर आपल्या गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोन हरवतो, वही राहते.

ती मैत्रीण पुढच्या हंगामात पुन्हा गटात आली का, असं तुम्ही विचाराल. आली. महिनाभर नुसती ऐकत होती. मग एका रात्री म्हणाली, "आज तव्यावरची भाकर करपली, पोरं तरी बी खाऊन गेली." एवढंच. नऊजणींनी उत्तर दिलं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचत गोळा झाली, लेखे लिहून झाले, की दहा मिनिटं राखून ठेवा. आपल्या फोनवरच्या गटाचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा. आमचे पाच आहेत, तुमचे चार असतील नाहीतर सात. पण ते तुमचे असू द्या. आणि आज घरी गेल्यावर, जी बरेच दिवस काही बोलली नाही, तिला एकदा विचारा, "जेवलीस का?"