ज्ञातीचे मत आणि मतदाराचे मत
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळापुढे एक पत्र विचारार्थ आले आहे. ‘आमच्या ज्ञातीची सर्व मते आपणांसच पडतील’ असे एका उमेदवारास कळवावे आणि विद्यार्थी वसतिगृहासाठी जागा मागावी, असा त्याचा आशय आहे. वसतिगृहाची निकड मी जाणतो. परंतु जे आपल्या हाती नाही, ते आपण देऊ कसे करावे?

‘व्होट बँक’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. तो समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ साली म्हैसूरकडील एका खेड्याविषयी लिहिताना योजिला. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो गावचा वजनदार पुढारी आणि त्याच्या आश्रयाने राहणारी माणसे. त्या शब्दाचा अर्थ ‘जात’ असा पुढे आपण परस्पर करून टाकिला! गुजरातच्या क्षत्रिय सभेवर रजनी कोठारी व ऋषिकेश मारू यांनी १९६५ साली लिहिले. एवढी प्रबळ ती सभा, पण कोणत्या पक्षाबरोबर जावे यावरून तिच्या पुढाऱ्यांतच दुफळी माजली.

दिल्लीच्या ‘लोकनीती’ या संशोधन-उपक्रमाची रीत मला विशेष उद्बोधक वाटते. १९९६ पासून तेथील अभ्यासक मतदानानंतर घरोघर जातात. कोणाकडे जावयाचे ते मतदारयादीतून आधीच निवडलेले असते. ओसरीवर जो भेटेल त्यास विचारून भागत नाही. मत कोणास दिले, हे तोंडी विचारीत नाहीत. चिन्हे छापलेली नमुन्याची मतपत्रिका हाती देतात. मतदाराने एकट्याने खूण करून ती पेटीत टाकावयाची. कारण उघड आहे. सासरा किंवा शेजारी ऐकत असता सून खरे सांगेलच असे नाही. अशा पाहण्यांतून एकाच जातीची मते निरनिराळ्या पक्षांत विभागलेली वारंवार आढळली आहेत.

माझ्याच घरी पाच मतदार आहेत. गेल्या निवडणुकीनंतर जेवताना बोलणे निघाले, तेव्हा एका पंक्तीत तीन पक्ष निघाले! मी कुटुंबप्रमुख, मला त्याची वार्ताही नव्हती.

म्हणून ते पत्र पाठवू नये, अशी माझी विनंती आहे. जागेचा अर्ज सर्व उमेदवारांस एकाच मजकुराचा द्यावा आणि शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या त्यात नमूद करावी. ती संख्या आज आपणांपाशी नाही. चिटणीसांनी दाराशी कोरे तक्ते ठेविले आहेत. प्रत्येक कुटुंबाने जाण्यापूर्वी ते भरून द्यावेत.